पाण्याला बर्फाचा बांध

बोगदा म्हटला की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बोरघाट उभा राहतो. १८५६ साली तेथे काम सुरू झाले आणि १८६३ साली घाटातून गाडी धावू लागली. पंचवीस बोगदे, आणि सगळे काळ्या पाषाणातले. पहारीने भोक पाडावयाचे, सुरुंग ठासावयाचा, बत्ती द्यावयाची आणि आडोशाला पळावयाचे, असे ते काम. त्यात माणसे दरडीखाली मेली, पटकीने मेली, तापाने मेली. ती हजारांनी मोजावी लागतात. तरीसुद्धा एक गोष्ट त्या माणसांच्या बाजूची होती. खडक एकदा फोडला की उरलेला खडक आपल्या जागी उभा राहत असे. छप्पर धरून ठेवण्याचे काम डोंगरच करीत असे.

आज आम्हांला जी हकीकत सांगावयाची आहे ती ज्या जमिनीला उभे राहताच येत नाही त्या जमिनीची आहे. चौपाटीवर लहान मूल खड्डा खणते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. हातभर खाली गेले की तळाला पाणी झिरपते, आणि पाणी झिरपू लागले की कडा आत येऊन पडतात. मूल वाळू बाहेर काढते, तितकीच पुन्हा आत येते. खड्डा खोल होत नाही, नुसता रुंद होत जातो. आता हाच खड्डा वीस, चाळीस, साठ मीटर खोल आहे आणि डोक्यावर वस्तीचे शहर आहे अशी कल्पना करा. पाण्याचा दाब दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, वाढत जातो. साठ मीटरांवर तो सहापट होतो. अशा जागी भिंतीला बोटभर फट राहिली तर तीमधून पाणी येते आणि एकटे येत नाही, वाळू घेऊन येते. ती वाळू ज्या जागेतून निघाली ती जागा पोकळ होते, आणि त्या पोकळीवर कोणाचे तरी घर असते.

आम्ही अभियंते नव्हे. कामगार संघटनेच्या कामात आमचे दिवस गेले, आणि जे काही वाचन झाले ते रात्रीचे झाले. म्हणून यंत्रांच्या इतिहासाकडे पाहण्याची आमची एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकतो. पाणी कसे अडविले हे तर आम्ही विचारतोच, परंतु ते अडविताना त्याचा दाब कोणाच्या अंगावर घेतला हेही विचारतो. या एका प्रश्नाने बोगद्यांचा इतिहास वाचला तर तो निराळाच दिसू लागतो.

लंडनमध्ये थेम्स नदीखालून मार्क ब्रुनेल या अभियंत्याने १८२५ साली बोगदा खणावयास घेतला. लोखंडी चौकटीची एक मोठी ढाल पुढे सरकवावयाची, ढालीच्या खणाखणांतून उभे राहून मजुरांनी समोरची माती फळीफळीने काढावयाची आणि मागे गवंड्यांनी विटांचे बांधकाम करीत यावयाचे, अशी त्याची युक्ती. ढाल छताला धरी, पण पाण्याला धरीत नसे. मे १८२७ मध्ये नदी आत आली. जानेवारी १८२८ मध्ये पुन्हा आली, तेव्हा सहा माणसे बुडाली. काम वर्षानुवर्षे बंद पडले आणि बोगदा लोकांसाठी खुला व्हावयास १८४३ साल उजाडले.

यानंतर जी युक्ती निघाली ती दाबलेल्या हवेची. बोगद्याच्या तोंडाशी दोन दारांची एक खोली करावयाची. एक दार बाहेरच्या अंगाला, एक आतल्या, आणि दोन्ही एकदम कधी उघडावयाची नाहीत. आतमध्ये पंपाने हवा इतकी कोंबावयाची की तिचा दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतका व्हावा. म्हणजे पाणी आत येऊ शकत नाही. कल्पना नामी खरी. पण त्या कोंबलेल्या हवेत माणूस काम करतो आणि तीच हवा श्वासाने आत घेतो. सोडावॉटरची गोटीची बाटली आपण पाहिली आहे. गोटी बसलेली असते तोवर पाणी शांत असते, गोटी दाबली की सगळा बुडबुड्यांचा फेस उसळतो. दाबलेल्या हवेतल्या माणसाच्या रक्तात हवेतला नायट्रोजन असाच विरघळून बसतो, आणि पाळी संपवून तो घाईने बाहेर आला की तेच बुडबुडे त्याच्या सांध्यांत, कण्यात आणि मेंदूत उठतात. गुडघे आणि कोपर वाकडे करून माणूस तळमळतो. कोणी लुळा होतो, कोणी मरतो. अमेरिकेतल्या मजुरांनी या दुखण्याला ‘बेंड्स’ म्हणजे वाकणे असे नाव दिले होते. दुखणे ज्याच्या अंगात होते त्यानेच हे नाव ठेवलेले दिसते.

न्यूयॉर्कजवळ हडसन नदीखालचा बोगदा १८७४ साली याच रीतीने सुरू झाला. २१ जुलै १८८० रोजी तेथे दाबलेली हवा मातीतून वाट काढून निसटली आणि तिच्या जागी चिखलपाणी आत आले. अठ्ठावीस जणांची पाळी होती. आठ जण मधल्या खोलीत शिरले आणि तेथेच अडकले. पीटर वुडलँड नावाचा देखरेख करणारा माणूस आतल्या बाजूला राहिला होता. बाहेरच्या दाराची काच फोडा, असे त्याने त्या आठांना सांगितले. काच फुटली की हवा जाणार, हवा गेली की बाहेरचे दार उघडणार आणि खोलीतले आठ वाचणार, पण आतल्यांना उरलेला आधारही संपणार, हे त्याला ठाऊक होते. आठ वाचले. वुडलँडसह वीस मेले.

पुढे १८८९ च्या सुमारास त्याच बोगद्याचे काम अर्नेस्ट मॉयर या इंग्रज अभियंत्याकडे आले. तो पोचला तेव्हा आत पंचेचाळीस-पन्नास माणसे काम करीत होती आणि त्यांतला एक दर महिन्याला मरत होता. म्हणजे वर्षाला शेकडा पंचवीस! लढाईत उभ्या असलेल्या पलटणीचा हिशेबही पुष्कळदा याहून बरा असतो. मॉयरने एक साधी गोष्ट केली. दुखणे उठलेल्या माणसाला पुन्हा दाबलेल्या हवेच्या कोठडीत निजवून दाब हळूहळू उतरविण्याची सोय कामाच्या जागीच केली. त्यानंतरच्या पंधरा महिन्यांत एकशे वीस माणसांत दोनच मृत्यू झाले. या मॉयरचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठे येत नाही, ते यावे असे आम्हांला वाटते. परंतु औषध कितीही चांगले निघाले तरी मूळ करार तोच राहिला: पाण्याचा दाब माणसाच्या शरीराने झेलावयाचा.

हा करार मोडणारी युक्ती खाणींतून आली. मजुराच्या कळवळ्याने ती निघाली असे आम्ही म्हणत नाही. खाणमालकांना ओल्या वाळूतून कूप खाली नेता येत नव्हता, एवढीच तिची निकड होती. जमीन गोठवून कूप खणण्याचा पहिला प्रयोग १८६२ साली साउथ वेल्समध्ये झाल्याचे सांगतात. पण तिला रीतसर पद्धतीचे रूप दिले ते जर्मनीतल्या आशर्सलेबेनच्या हेर्मान पोएत्श या खाण-अभियंत्याने. १८८३ साली त्याने पेटंट घेतले आणि त्याच साली तिकडच्या आर्किबाल्ड नावाच्या कोळशाच्या खाणीत ती चालवून दाखविली.

ही पद्धत समजावयास कोणत्याही मच्छीबंदराजवळचा बर्फाचा कारखाना डोळ्यांपुढे आणावा. तेथे अमोनियाचे यंत्र असते. ते मिठाचे पाणी शून्याच्या खाली थंड करते. मिठामुळे ते पाणी स्वतः गोठत नाही, पण त्यात गोड्या पाण्याचे डबे उभे केले की डब्यांतल्या पाण्याची लादी होते. पोएत्शने या कारखान्याची उलटापालट केली. मिठाचे थंड पाणी त्याने नळ्यांत घातले, आणि लादी करावयाची ती नळ्यांभोवतालच्या जमिनीची केली.

जेथे खणावयाचे तेथे भोवताली मीटर-मीटर अंतरावर भोके पाडतात. प्रत्येक भोकात खालून बंद असलेली एक जाड नळी, आणि तिच्या आत एक बारीक नळी सोडतात. उणे वीस-पंचवीस अंशांचे कॅल्शियम क्लोराइडचे पाणी बारीक नळीतून खाली जाते आणि दोन नळ्यांमधल्या जागेतून, जमिनीची उष्णता घेऊन, वर येते. यंत्राकडे जाते, थंड होते, पुन्हा खाली जाते. असे दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. प्रत्येक नळीभोवती गोठलेल्या वाळूचा खांब जाड होत जातो. एक दिवस शेजारचे खांब एकमेकांस भिडतात आणि खांबांची भिंत होते. गोठलेली ओली वाळू ही मऊ वस्तू नव्हे. हलक्या काँक्रीटच्या तोलाची ती असते. त्या भिंतीच्या कडेआत मग कोरड्याने खणावयाचे.

भिंत मिटली हे ओळखण्याची जुनी खूण मोठी सुंदर आहे. कुपाच्या मधोमध एक साधी नळी उभी करून ठेवीत. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, त्यामुळे भिंत सर्व बाजूंनी मिटली की आतले कोंडलेले पाणी दबते आणि मधल्या नळीत वर चढू लागते. कोठेही फट असेल तर ते तिकडून निघून जाते आणि नळीतले पाणी हलत नाही. जमीन आपण होऊन सांगते की, आता या.

ती सांगेपर्यंत थांबणे हाच या पद्धतीचा प्राण आहे, आणि नेमके तेच माणसांना जड जाते. हिशेब पाहा. शून्य अंशाच्या पाण्याचे शून्य अंशाचे बर्फ करावयास जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते तेवढ्या उष्णतेने तेच पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापविता येते. हे काम रेटून होत नाही. शिवाय जमिनीखाली पाणी वाहत असेल, दिवसाला एक-दोन मीटर इतके सावकाश वाहत असले तरी, ते नळ्यांची थंडी घेऊन पुढे जाते आणि खांब भिडत नाहीत. एखादी नळी फुटून मिठाचे पाणी जमिनीत झिरपले तर तेवढी जागा गोठता गोठत नाही. आणि भोके खोलवर सरळ जात नाहीत. शंभराला एक इतकी जरी ती कलली तरी साठ मीटरांवर टोक साठ सेंटिमीटर हलते. शेजारची दोन भोके विरुद्ध दिशांना कलली तर वर एक मीटर असलेले अंतर खाली दोन मीटरांच्या वर जाते, आणि बर्फाच्या भिंतीत खिडकी उरते. वरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. तापमापकाच्या नळ्या जागोजाग सोडून, त्यांचे आकडे रोज लिहून, तिचा माग काढावा लागतो.

बोगद्यासाठी ही युक्ती प्रथम वापरली ती स्टॉकहोममध्ये. शहराच्या मध्यातून ब्रुंकेबेर्ग नावाची वाळू-गोट्यांची एक लांबट टेकडी जाते. तिच्या दोन बाजूंच्या वस्त्या जोडण्यासाठी पायी जाणाऱ्यांचा बोगदा काढण्याचे क्नूट लिंडमार्क या अभियंत्याने १८८४ साली मनावर घेतले. एका अंगाने खडक लागला, दुसऱ्या अंगाने सैल वाळू. आणि वर घरे. घरांना तडे जाऊ लागले तेव्हा लिंडमार्कने थंड हवेचे यंत्र आणविले. नळ्या ठोकण्याऐवजी त्याने बोगद्याच्या तोंडाशी आडभिंत घालून पुढच्या कोठडीतली हवाच इतकी थंड केली की समोरची वाळू गोठून उभी राहिली. त्या टप्प्यात काम दिवसाला सरासरी एका फुटाच्या आसपास सरकत असे. मुकादमाच्या दृष्टीने हा वेग म्हणजे कपाळाला हात लावण्याचा प्रकार! पण चोवीसएक मीटरांचा तो कठीण पट्टा असाच फुटाफुटाने पार झाला, आणि १८८६ साली २३१ मीटरांचा बोगदा लोकांसाठी उघडला. आजही तेथून माणसे जातात-येतात.

मजुराच्या बाजूने पाहिले तर यात मोठाच फरक पडला. पाण्याला अडवावयाचे काम आता जमिनीकडेच सोपविले गेले. आतली हवा साधी, बाहेरच्यासारखी. पाळी संपली की माणूस सरळ वर येऊ शकतो. गोठलेल्या भिंतीजवळ हात बधिर होतात, वाळू दगडासारखी होऊन कुदळ उडते, अमोनियाची नळी फुटली तर डोळे-छाती जळते, हे खरे. त्यासाठी लोकरीचे कपडे, गरम खोली आणि आखूड पाळी मागावी लागते आणि मागितलीच पाहिजे. पुढे द्रव नायट्रोजन आला. तो उणे १९६ अंशांवर उकळतो आणि आठवड्यांचे काम दिवसांत करतो. पण त्याची वाफ ना दिसते ना वास देते, आणि बंदिस्त जागेतली श्वासाची हवा हटवून बसते. असे असूनही, वर्षाला शेकडा पंचवीस माणसे मारणाऱ्या कामाशी तुलना केली तर कोणत्या पारड्यात काय पडते ते सांगावयास नको.

सोविएत देशात या पद्धतीचा जेवढा अभ्यास झाला तेवढा थोड्याच ठिकाणी झाला असेल. मॉस्कोची भुयारी रेल्वे १९३५ साली सुरू झाली, आणि फिरत्या जिन्यांचे तिरपे भुयार ओल्या थरांतून खाली न्यावयास गोठविण्याची रीत तेथे रुळली. मॉस्कोचा एक किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४७ ते १९५३ या काळात ‘लाल दरवाजा’ या चौकात एक उंच इमारत बांधली गेली, आणि तिच्याच पोटातून भुयारी स्थानकाची वाट खाली न्यावयाची होती. त्यासाठी शेजारची जमीन गोठवावी लागली. गोठलेली जमीन फुगते, वितळली की खाली बसते. तेव्हा अभियंत्यांनी हिशेब करून इमारतच मुद्दाम किंचित कलती बांधली, इतकी की जमीन वितळून बसताना ती आपोआप सरळ व्हावी. आणि ती सरळ झाली! १९५४ साली ते स्थानकाचे दार उघडले. जमिनीचा स्वभाव ओळखून, तिला तिचा वेळ देऊन केलेले काम कसे असते याचा हा नमुना.

दुसरा नमुना लेनिनग्राडचा. त्यावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत. आमच्या चळवळीतल्या काही जुन्या मंडळींना तो ऐकावयास आवडत नाही, पण तेवढ्यासाठी तो गाळणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

त्या शहराखाली वर ओली वाळू-माती आणि खाली निळसर घट्ट चिकणमाती असे थर आहेत. त्यामुळे १९५५ साली सुरू झालेली तेथील भुयारी रेल्वे त्या चिकणमातीतून, खूप खोलवरून नेली आहे. १९७०च्या सुमारास ती उत्तरेकडे वाढविण्याचे काम चालू असताना ‘लेस्नाया’ आणि ‘प्लोश्चद मुझेस्त्वा’ या दोन स्थानकांच्या मध्ये एक विघ्न होते. फार प्राचीन काळी तेथून एक नदी वाहत होती. तिने चिकणमाती खोलवर कोरून काढली, आणि तो खळगा पुढे पाण्याने भिजलेल्या वाळूने भरून गेला. वर रस्ते आणि घरे, खाली गाडलेली नदी. रशियन लोक या जागेला ‘राझ्मिव’ म्हणजे पाण्याने धुऊन नेलेली जागा म्हणतात. खळगा बोगद्यांच्या पातळीच्याही खाली जात होता. बोगदे साठ मीटरांहून अधिक खोलीवर होते, आणि इतका दाब हवेने तोलावयाचा म्हटला तर त्यात माणूस काम करू शकत नाही. वळसा घालावा, वरून जावे, खालून जावे, असे सगळे विचार झाले. अखेर जमीन गोठवून सरळ जावयाचे ठरले, आणि गोठवावयाची जागा अरुंद व्हावी म्हणून दोन बोगदे शेजारी-शेजारी न घेता एकाखाली एक घेतले.

८ एप्रिल १९७४ रोजी बर्फाच्या भिंतीतून पाणी आणि वाळू बोगद्यात शिरली. काँक्रीटचा बांध घालून ती रोखण्याची धडपड झाली. वर जमीन खचली, इमारतींना तडे गेले. शेवटी अभियंत्यांनी जो निर्णय घेतला तो ऐकावयास विलक्षण वाटतो, पण शहाणपणाचा होता: खणलेले बोगदे त्यांनी स्वतःच पाण्याने भरून टाकले. आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्या दाबाइतका झाला की वाळूला आत येण्याचे कारण उरत नाही. मग द्रव नायट्रोजन आणून जमीन नव्याने गोठविली, पाणी काढले आणि खोदकाम पुन्हा सुरू झाले. ज्या माणसांनी पाणी आत आलेले पाहिले होते त्यांच्या पथकांनी त्याच जागी पुन्हा हात घातला. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. या प्रकरणावर १९८६ साली ‘प्ररीव’ म्हणजे ‘फुटवा’ नावाचा एक चित्रपटही तेथे निघाला. १९७५ सालच्या ३१ डिसेंबरला मार्ग सुरू झाला.

या तारखेकडे श्रोत्यांनी लक्ष द्यावे. वर्षाचा शेवटचा दिवस, म्हणजे वार्षिक योजनेचाही शेवटचा दिवस. आणि पुढच्या फेब्रुवारीत पक्षाचे पंचविसावे अधिवेशन भरावयाचे होते. गिरणीत काय, गोदीत काय, सरकारी बांधकामावर काय, महिनाअखेरीचा आकडा गाठण्याची धावपळ ज्याने पाहिली आहे त्याला या तारखेचा अर्थ कोणी समजावून द्यावयास नको. नफ्यासाठी घाई करणारा मालक आम्ही पुष्कळ पाहिला. तेथे मालक नव्हता, नफाही नव्हता. घाई मात्र होतीच.

थंडी ही उसनी आणलेली वस्तू आहे. यंत्र बंद झाले की जमीन ती परत देऊ लागते. बोगद्याभोवतालचे बर्फ वितळू लागले तसे ओली वाळू पुन्हा ओली वाळू झाली आणि अवजड बोगदे तिच्यात बसू लागले. सांधे उघडले, पाणी झिरपू लागले, आणि पाण्याबरोबर वाळूही. वीस वर्षे डागडुजीवर गाड्या चालल्या. त्या काळात देश मोडला, शहराचे नाव पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले, दुरुस्तीच्या पैशांची ओढाताण झाली. डिसेंबर १९९५ मध्ये वाहतूक बंद करावी लागली आणि बोगदे पुन्हा पाण्याने भरले गेले. शहराचा उत्तर भाग मुख्य मार्गापासून तुटला. साडेआठ वर्षे तिकडची माणसे एका स्थानकावर उतरून बसने दुसऱ्या स्थानकावर जात होती, आणि पुढे पुन्हा गाडीत बसत होती. जुन्या जागेपासून बाजूला आणि कमी खोलीवर, यंत्राने नवे बोगदे खणून २६ जून २००४ रोजी मार्ग जोडला गेला. त्या वेळी जमीन गोठविण्याचा मार्ग कोणी धरला नाही.

हे एका राज्यपद्धतीचे वैगुण्य म्हणून कोणी बाजूला सारील, तर शांघायकडे पाहावे. तेथे भुयारी रेल्वेच्या चौथ्या मार्गावर, हुआंगपू नदीच्या काठाशी, दोन जोड बोगद्यांमध्ये ये-जा करावयाची एक आडवी वाट काढावयाची होती. लांबी थोडी, काम किरकोळ. त्यासाठी जमीन गोठविली होती. १ जुलै २००३ रोजी पाणी आणि वाळू आत आली, बोगदे खचले, वरच्या इमारती कलून कोसळल्या, नदीच्या धक्क्याला भगदाड पडले. माणसे वेळेवर बाहेर निघाली म्हणून जीव वाचले. गोठविण्याचे काम अपुरे असतानाही खोदकाम चालू ठेवले गेले, असे चौकशीत आढळले. त्या मार्गाचे वर्तुळ पूर्ण व्हावयास १९०७ नव्हे, २००७ चा डिसेंबर उजाडला. ‘नव्हे’ एवढ्यासाठी म्हणतो की ही चूक पोएत्शच्या काळातली वाटावी इतकी जुनी आहे. काही दिवस वाचविण्यासाठी चार वर्षे गेली.

तेव्हा पद्धत वाईट म्हणून टाकून द्यावी काय? आमचे मत तसे नाही. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये चालू रेल्वेच्या रुळांखालची जमीन गोठवून तिच्यातून महामार्गाचे प्रचंड बोगदे ढकलीत नेले, आणि वर गाड्या धावत राहिल्या. बर्लिनमध्ये ‘म्युझियमांचे बेट’ हे भुयारी स्थानक याच रीतीने नदीच्या पात्राखाली बांधले आणि ते २०२१ साली उघडले. जेथे थांबावयाची तयारी होती तेथे बर्फाने दगा दिलेला नाही. प्रश्न असा की, थांबावयाचे की नाही हे ठरविणार कोण?

आपल्या देशात हा प्रश्न आता लांबचा राहिलेला नाही. मुंबई बव्हंशी खडकावर आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण गंगेच्या गाळावर वसलेल्या शहरांना तो आसरा नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी कोलकात्याच्या बहूबाजार भागाखाली बोगदा खणणारे यंत्र पाण्याच्या थरात शिरले, जमीन बसली, घरे कोसळली आणि शेकडो माणसांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले. तेथे जमीन गोठविलेली नव्हती. पण पाणी आणि वाळू तीच, आणि वर राहणारी माणसेही तशीच.

अशा कामांवर संघटना बांधावयास जाणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना आम्ही एक मागणी सुचवीत असतो. पगार, पाळी, गरम कपडे, हे तर मागावेच. त्याबरोबर असेही मागावे की, जमिनीत सोडलेल्या तापमापकांचे आकडे दर पाळीच्या सुरुवातीला कुपाच्या तोंडाशी फळ्यावर लिहिले जावेत, आत उतरणाऱ्यांना येणाऱ्या भाषेत लिहिले जावेत, आणि ठरलेल्या अंकाच्या वर पारा असेल तर त्या पाळीने खाली न उतरता पूर्ण मजुरी घ्यावी. बहुतेक ठिकाणी हे आकडे वहीत असतात आणि वही कचेरीत असते. फळा आणि खडू यांचा खर्च फार नाही. पूर्ण मजुरीचे कलम मात्र सहजासहजी मिळत नाही. वाटाघाटीत अडते ते तेथेच.